मुंबई-न्यूयॉर्क नक्की किती लांब आणि किती तास? आई-बाबांना पाठवायच्या आधी हे गणित करून बघा

आमच्या घरी दादा अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या एडिसनला (न्यू जर्सी) राहायला गेल्यापासून तिकिटांचं खातं माझ्याकडे आलंय. आई-बाबा जाणार म्हटलं की सोसायटीतला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "किती तास लागतात गं?" आणि ह्याला आमच्याच घरात पाच उत्तरं मिळतात. बाबा म्हणतात सोळा, आई म्हणते दोन दिवस, दादा म्हणतो साडेसहा (कारण तिकिटावर निघायची वेळ पावणेदोन आणि पोचायची आठ पंचवीस लिहिलेली असते), मावशी म्हणते आमच्या हिला तर चोवीस लागले होते, आणि गूगल भलतंच काहीतरी सांगतं. गंमत म्हणजे कोणीच खोटं बोलत नसतं, प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत असतो. म्हणून मी हे कसं मोजते ते एकदा नीट लिहून काढतेय. उदाहरण मुंबई-न्यूयॉर्कचं घेतलंय, पण रीत कुठल्याही दोन लांबच्या शहरांना चालते.

आधी अंतर काढा, आणि ते सपाट नकाशावर काढू नका

भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, मग सहाराचं वाळवंट आणि अटलांटिक अशी जाते. विमान तसं जात नाही. पृथ्वी गोल आहे आणि गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता सपाट कागदावर वाकडा दिसतो, एवढंच त्यातलं गुपित. पटत नसेल तर शाळेतला पृथ्वीगोल काढा (आमच्याकडचा भाच्याचा आहे, ३० सेंटीमीटर व्यासाचा), एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो. गुजरात, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया आणि मग उत्तर अटलांटिक. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मलाच खरं वाटेना, दोनदा दोरा सैल करून परत ताणला, परत तिकडेच गेला. म्हणजे न्यूयॉर्क "पश्चिमेला" असलं तरी मुंबईहून सरळ रस्ता उत्तरेकडे थोडं डावीकडे असा सुरू होतो आणि सगळ्यात वर जवळजवळ ६५ अंश अक्षांशापर्यंत जातो, मुंबई १९ वर आणि न्यूयॉर्क ४०-४१ वर असूनसुद्धा.

आता दोरा मोजा. ३० सेंटीमीटरच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंटीमीटर, खऱ्या पृथ्वीचा साधारण ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो. गुणाकार केला की १२,५०० च्या आसपास येतं. विमानतळाचे अक्षांश-रेखांश घालून व्यवस्थित हिशोब केला तर मुंबई विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ १२,५४० किलोमीटर येतं. दोऱ्याने एवढं जमतं हे मला आजही भारी वाटतं.

दोरा नको असेल तर गूगल मॅप्स कॉम्प्युटरवर उघडून मुंबई विमानतळावर राइट क्लिक करा, अंतर मोजायचा पर्याय येतो, मग न्यूयॉर्कवर क्लिक करा. एक सांभाळा, काही साइटवर आकडा मैलात असतो (साधारण ७,८००) आणि काहींवर सागरी मैलात (६,७७०), कारण विमानवाले सागरी मैल वापरतात आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आकडे जुळेनात म्हणून लोक भांडतात ते बऱ्याचदा ह्याच्यामुळे.

मधे उतरल्याने वळसा पडतो का?

हा माझा आवडता भाग, कारण इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो. सगळ्यांना वाटतं दुबईवरून गेलं म्हणजे लांबून गेलं. मी बसून बेरजा केल्या. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०००, मिळून १२,९३०, म्हणजे सरळ अंतरापेक्षा चारशेच किलोमीटर जास्त. इस्तंबूलवरून १२,८६० च्या आसपास. फ्रँकफर्टवरून १२,७६०, म्हणजे फक्त दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचा फरक, पुण्याहून नाशिकला जाण्याएवढा. दोह्यावरून तेरा हजारांच्या जरा वर. दिल्लीला जाऊन तिथून पकडलं तरी १२,८९०.

तेरा हजारात चारशे म्हणजे विमानाला अर्धा तास. मग कनेक्शनच्या प्रवासाला पाच-सात तास जास्त का लागतात? खाली उतरणं, दुसऱ्या गेटवर जाणं, पुढच्या विमानाची वाट बघणं, परत वर चढणं, ह्याच्यात. वळसा आकाशात नसतोच, तो खुर्चीवर बसून काढायचा असतो. म्हणून कनेक्शन निवडताना कुठलं शहर जवळ पडतं ते बघू नका, तिथे किती वेळ बसावं लागतंय ते बघा.

खरा रस्ता सरळ नसतो

१२,५४० हा आदर्श आकडा. प्रत्यक्षात वैमानिकाला वारा, वादळं आणि कुणाचं आकाश उघडं आहे ते बघून जावं लागतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं आकाश बंद झालं, पाठोपाठ रशियाने युरोपियन आणि अमेरिकन कंपन्यांना मनाई केली. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, काही दिवसांत भारतानेही त्यांना केली. ह्यात दिल्लीवरून जाणाऱ्यांचे जास्त हाल, कारण त्यांना आधी खाली गुजरातकडे येऊन समुद्रावरून जावं लागतं, आणि तेव्हा दिल्ली-अमेरिका काही फ्लाइट्स तेल भरायला व्हिएन्नाला उतरत होत्या. मुंबई तशीही समुद्राच्या काठावर, त्यामुळे तिला फटका कमी, पण आहे.

म्हणून मी घरच्या हिशोबाला १३,००० धरते.

आता तास काढा

मोठी विमानं हवेत साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातात. १३,००० भागिले ९००, साडेचौदा तास, झालं? नाही. कारण विमान हवेत ९०० ने जातं आणि ती हवा स्वतः कुठेतरी निघालेली असते. आपण जातो त्या पट्ट्यात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारा वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात तो, हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो. अमेरिकेला जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीत. पंचगंगेत प्रवाहाविरुद्ध पोहणं आणि प्रवाहाबरोबर पोहणं, हात तेवढेच मारायचे पण काठ वेगळ्या वेळेला येतो.

माझा ठोकताळा असा: पश्चिमेकडे जाताना सरासरी ८३०, पूर्वेकडे येताना ९५०, आणि दोन्हीकडे चढणं-उतरणं-धावपट्टीवर रांगणं ह्यासाठी अर्धा तास वर. जाताना १३,००० भागिले ८३० म्हणजे १५ तास ४० मिनिटं, अधिक अर्धा तास, १६ तास १०. येताना १३ तास ४० अधिक अर्धा, १४ तास १०. तिकिटाशी ताडून बघितलं तर वीस-तीस मिनिटं इकडेतिकडे होतं, फार नाही.

"जाताना जास्त आणि येताना कमी का, पृथ्वी फिरते म्हणून का?" हे मला आमच्या एका काकांनी लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं आणि मग त्यांनीच उत्तर दिलं होतं की हो, पृथ्वी फिरते म्हणून. तसं सरळ नाहीये. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि त्या हवेत विमान असतं, त्यामुळे न्यूयॉर्क फिरत फिरत आपल्याकडे येत नाही (आलं असतं तर नुसतं वर जाऊन थांबलं असतं की!). फरक पडतो तो वाऱ्याने. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,२९० किलोमीटरच्या आसपास गेला होता, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जास्त आकडा, पण विमान काही ध्वनीची भिंत फोडत नव्हतं, पाठीमागचा वाराच तेवढा होता.

ह्याच्यापेक्षा सोपा आणि खरा उपाय म्हणजे फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर ह्या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर आपला फ्लाइट नंबर टाका आणि गेल्या काही दिवसांत ती फ्लाइट कधी सुटली आणि कधी टेकली ते बघा. वेळापत्रकात कंपन्यांनी वेळ थोडी सैल धरलेली असते म्हणून तासभर उशिरा सुटलेलं विमान कधी कधी पंचवीस मिनिटंच उशिरा पोचतं. मी तिकीट काढायच्या आधीच हे बघते. एखादी फ्लाइट रोजच दोन-दोन तास उशिरा सुटत असेल तर तिच्यावर पुढचं कनेक्शन टांगायचं नाही.

घड्याळाचा घोळ

आता दादाचे "साडेसहा तास". तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ रात्री १:४५, न्यूयॉर्कला पोचायची सकाळी ८:२५, तारीख तीच. वजाबाकी केली की ६ तास ४० मिनिटं. पण पहिली वेळ भारताची आणि दुसरी तिथली, आंबे आणि पेरू वजा करतोय आपण.

नियम एकच: दोन्ही वेळा भारताच्या वेळेत आणा आणि मगच वजा करा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्याचं धरू. सकाळचे ८:२५ अधिक ९:३० म्हणजे आपले संध्याकाळचे ५:५५. त्यातून १:४५ वजा, १६ तास १०. आलं ना बरोबर. येताना तिथून सकाळी ११:३० ला निघाले, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ. मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११:१५ ला उतरले, म्हणजे १४ तास १५ मिनिटं. तिकिटावर बघितलं तर वाटतं पावणेचोवीस तास, आणि मावशीचे "चोवीस तास लागले" कुठून आले ते मला तेव्हा कळलं.

तिथे उन्हाळा-हिवाळा म्हणजे ऋतू नाही, घड्याळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपलं घड्याळ तिथेच असतं. म्हणून तीच १:४५ ची फ्लाइट नोव्हेंबरनंतर न्यूयॉर्कला ७:२५ ला पोचताना दिसते, आणि बाबा खूश होतात की विमान तासाने लवकर जायला लागलं. नाही हो बाबा, १६ तास १० मिनिटंच आहेत.

तोंडी हिशोबासाठी आमच्या घरात चालणारी युक्ती: भारतातल्या वेळेचं सकाळ-रात्र उलटं करा आणि उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात दीड तास मिळवा. आपले रात्रीचे आठ, उलटे केले सकाळचे आठ, अधिक अडीच, तिथे सकाळचे साडेदहा. हिवाळ्यात साडेनऊ. तिथून इकडे यायचं तर उलटं करून तेवढेच वजा. आईला हे एवढं पाठ झालंय की ती बोटंसुद्धा मोजत नाही, आणि दादाला रात्री दोनला फोन लावायची तिची सवय गेली.

तारीख! तारीख! तारीख!

हे ठळक लिहितेय कारण आमच्या घरात हे घडलंय. मुंबईहून अमेरिकेला आणि आखाताकडे जाणाऱ्या पुष्कळ फ्लाइट्स मध्यरात्रीनंतर सुटतात. काकांचं तिकीट होतं १५ तारखेचं, रात्री १:४५. काका-काकू १५ तारखेला दुपारी घरी देवाला नमस्कार करून, हातावर दही घेऊन, सगळ्यांना पाया पडू देऊन कॅबमध्ये बसले, आणि रात्री दहाला विमानतळाच्या दारात उभ्या असलेल्या जवानाने तिकीट बघून शांतपणे सांगितलं की काका, तुमचं विमान आज पहाटे गेलं. काकूंच्या डब्यातल्या दशम्या मग परतीच्या वाटेवर लोणावळ्याला खाल्ल्या. नवीन तिकिटाला किती लागले ते काका अजून सांगत नाहीत.

तर १५ तारखेची १:४५ ची फ्लाइट म्हणजे १४ तारखेला रात्री साडेनऊ-दहापर्यंत विमानतळावर असायचं आणि पुण्याहून १४ तारखेला दुपारी निघायचं. मी कॅलेंडरवर विमानाची वेळ लिहीतच नाही, घरातून निघायची वेळ लिहिते.

दारापासून दारापर्यंत

खरा आकडा हा. आमचं घर सिंहगड रोडला, दादाचं एडिसनला.

पुणे ते मुंबईचं टर्मिनल २, साधारण दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास, पण घाटात एखादा ट्रक बंद पडला किंवा शुक्रवार संध्याकाळ असली की विचारू नका. मी साडेपाच तास धरते, पावसाळ्यात सहा. लोक म्हणतात फार होतं, पण विमानतळावर दोन तास बसून वडापाव खाणं परवडतं, खंडाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत बसून घड्याळ बघणं नाही परवडत. आणि कॅबवाल्याला विमानतळ नीट सांगा, कारण आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, सहार-अंधेरीकडचा, आणि एनएमआय असेल तर उलव्याचा. कनेक्शनच्या तिकिटात एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून उडायचं नाही ना, हे तर दोनदा बघा.

विमानतळावर तीन ते चार तास आधी. चेक-इन काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतं, अमेरिकेच्या काही फ्लाइट्सचं त्याच्याही आधी, आणि अमेरिकेच्या फ्लाइटला गेटवर कधी कधी परत तपासणी होते. व्हीलचेअर सांगितली असेल (आई-बाबांना सांगाच, चालता येत असलं तरी, रांगा आणि लांब लांब गेटं झेपत नाहीत) तर तिकीट काढतानाच नोंदवा.

मग ते १६ तास १०.

उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. पाऊण तासात सुटले तर नशीब, दोन तास धरा. नंतर बॅगा. मग कस्टम. इथे वेळ घालवणारी गोष्ट म्हणजे बॅगेतला खाऊ. चकली, भाकरवडी, मेतकूट, लाडू, मसाले हे साधारण जातं, पण बॅगेत खाण्याचं आहे हे स्वतःहून सरळ सांगायचं. ताजी फळं, भाज्या, बिया, मटण-चिकनचं काहीही न्यायचं नाही. एप्रिल-मेमध्ये हापूसची पेटी न्यायचा मोह प्रत्येक आईला होतो, ती पेटी तिथे कचऱ्यात जाते, तासभर जातो आणि डोळ्यात पाणी येतं ते वेगळंच.

शेवटी गाडी. जेएफकेहून एडिसन रस्त्याने साधारण पासष्ट किलोमीटर, मधे सगळं न्यूयॉर्क शहर, त्यामुळे सव्वा तास ते दोन तास. नेवार्क विमानतळ मात्र न्यू जर्सीतच, तिथून अर्ध्या-पाऊण तासात घरी. मुलं न्यू जर्सीला असतील तर तिकीट शोधताना दोन्ही विमानतळ टाकून बघा.

बेरीज: साडेपाच, साडेतीन, सोळा तास दहा मिनिटं, अडीच आणि दीड. एकोणतीस तास होतात. आईचं "दोन दिवस" हे उत्तर ऐकायला अडाणी वाटतं पण कॅलेंडरवर दोन तारखा जातातच, त्यामुळे तीही चुकत नाही.

आखातावरून गेलात तर सोळाच्या जागी सव्वातीन तास, मग थांबा, मग चौदाच्या आसपास. थांबा तीन-साडेतीन तासांचा असेल तर विमानं आणि थांबा मिळून एकवीस तास, घर ते घर चौतीस.

किती थांबा बरा

दीड तासाचं कनेक्शन कागदावर छान दिसतं. तरुण माणूस पळत पकडेल. पासष्टीच्या पुढच्या माणसाला दोन तास हे कमीत कमी, तीन उत्तम, सहाच्या पुढे नको. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असायला हवीत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी हात वर करते, आणि बॅगा मधे स्वतः काढून परत द्याव्या लागू शकतात.

न्यूयॉर्कच्या पुढे कुठे जायचं असेल, समजा कोलंबस किंवा रॅले, तर लक्षात घ्या की अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून काढायच्या आणि परत पुढच्या फ्लाइटसाठी द्यायच्या, बॅगेला शेवटच्या गावाचा टॅग असला तरी. तिथे तीन-साडेतीन तास ठेवाच. अपवाद अबुधाबी, डब्लिन अशा काही विमानतळांचा, तिथून अमेरिकेला जाताना अमेरिकन इमिग्रेशन तिथेच उरकून घेतात, मग अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर. आई-बाबा एकटे जाणार असतील तर ही सोय मला बरी वाटते, पण मग तिथला थांबा लांब हवा कारण रांग तिथे लागते. आणि युरोपातून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघा, नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलतातही.

थेट की थांबून? लोक पैशावरून ठरवतात, मी गुडघ्यावरून ठरवते. बाबांना सलग सोळा तास बसवत नाही, त्यांना मधे उतरून चाललं की बरं वाटतं. आईला उलट विमानतळाचीच धास्ती, एकदा बसली की उतरेपर्यंत झोपते. १९६० च्या मे महिन्यात एअर इंडियाने बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली तेव्हा लंडनमार्गे, थांबत थांबतच जायचे, आणि सलग सोळा तास कुणाला बसावं लागत नव्हतं. आता सिंगापूर-न्यूयॉर्क १५,३०० किलोमीटर अठरा तासांच्या वर एका दमात जातात. माणसाचे गुडघे तेच आहेत.

औषधं आणि दोन घड्याळं

बाबांना रोज सकाळी आठला बीपीची गोळी आणि रात्री नऊला दुसरी. पहिल्या वेळी त्यांनी विमानातल्या पडद्यावरची वेळ बघून गोळ्या घेतल्या, तिथे वेळ न्यूयॉर्कची होती, आणि दोन गोळ्यांमधलं अंतर पार चुकलं. तेव्हापासून ते डाव्या मनगटात जुनं एचएमटी भारताच्या वेळेवर ठेवतात आणि उजव्या हातात दादाने दिलेलं घड्याळ तिथल्या वेळेवर. दोन घड्याळं घालून फिरणारा माणूस बघून लोक हसतात, हसू देत. प्रवासभर गोळ्या एचएमटीवर, पोचल्यावर हळूहळू तिकडच्या वेळेवर, आणि ते कसं सरकवायचं हे निघायच्या आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं. इन्सुलिन असेल तर हे नक्कीच, स्वतःच्या मनाने नाही. औषधं आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत नाही. दर दीड-दोन तासांनी उठून चालायचं, पायात गोळे आणि रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून.

शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं असं धरतात, म्हणजे साडेनऊ तासांना आठवडा-दीड आठवडा. बहुतेकांना जाताना सोपं जातं आणि येताना जड. त्यामुळे परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सत्यनारायण ठेवू नका, यजमान पोथीत डुलक्या घेतात.

निघायच्या आदल्या दिवशी

मी एक कागद करते आणि एक फोटो दादाला पाठवते, एक आईच्या पर्समध्ये. त्यावर फक्त भारताच्या वेळा, एकाखाली एक: घर सोडलं १४ तारीख दुपारी ४:००, विमानतळ रात्री ९:३०, विमान १:४५, उतरले संध्याकाळी ५:५५, बाहेर रात्री ८:२५, घरी १०. प्रत्येक ओळीपुढे कंसात तिथली वेळ. मी इकडे पुण्यात बसून फ्लाइटरडारवर पिवळं विमान सरकताना बघते, आणि कागद जवळ असला की "अजून फोन कसा नाही आला" ही घालमेल होत नाही, कारण त्या वेळी ते इमिग्रेशनच्या रांगेत आहेत हे माहीत असतं.

परतीचा कागद वेगळा करा. तिथून ज्या तारखेला निघतात त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरतात, आणि फ्लाइट तिकडून रात्री निघाली तर मुंबईत मध्यरात्र होऊन तिसरी तारीख लागलेली असू शकते. मागच्या वेळी मी एवढं सगळं करून पुण्याच्या कॅबवाल्याला निघायची तारीख सांगितली होती, पोचायची नाही. तो बिचारा आदल्या दिवशी टर्मिनलबाहेर बाबांच्या नावाची पाटी घेऊन उभा होता आणि मला फोन करून विचारत होता, "ताई, साहेब कुठल्या दाराने येतायत?" साहेब तेव्हा एडिसनमध्ये बॅगेचं वजन करत होते.